अठ्ठ्याण्णवावा दिवस

रविवारी सकाळी आठ वाजता मी खोलीत शिरले तेव्हा आजोबांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. अंगठा आत, त्यावर चारही बोटं, मनगट खाली वळलेलं. गेल्या दोन महिन्यांत मी ती इतकी आवळलेली पाहिली नव्हती.

"झोप लागली का रात्री?" मी विचारलं.

"काल तसं हरल्यावर कोणाला झोप लागेल?" ते म्हणाले.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हाताचे स्नायू ताठरतात, आणि जागरण झालं, थंडी वाजली किंवा मनावर ताण आला की ताठरपणा वाढतो. त्यामुळे त्यांची मूठ बघूनच मला शनिवारचा निकाल कळला असता. त्यांची बेसबॉल टीम, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, दहाव्या इनिंगमध्ये सॅन डिएगोकडून ३-२ अशी हरली होती आणि लॉस एंजेलिस डॉजर्स जिंकले होते. दोन सामन्यांची आघाडी एकावर आली होती. तारीख होती ३ ऑक्टोबर २०२१, सीझनचा शेवटचा, १६२ वा सामना. जायंट्स जिंकले तर डिव्हिजन, म्हणजे त्यांच्या गटातली पहिली जागा, त्यांची. ते हरले आणि डॉजर्स जिंकले तर दोघे बरोबरीत, आणि सोमवारी १६३ वा सामना.

आमच्या रिहॅब सेंटरमधला आजोबांचा तो अठ्ठ्याण्णवावा दिवस होता. मेडिकेअर हा सरकारी विमा अशा ठिकाणी राहायला जास्तीत जास्त शंभर दिवस देतो. मंगळवारी त्यांना निघायचं होतं. कुठे जायचं, हे अजून ठरलेलं नव्हतं. एकट्याने स्वतःच्या घरी राहायचं असेल तर उजव्या हाताने औषधाची डबी उघडता आली पाहिजे, शर्टाची बटणं लावता आली पाहिजेत, चेकवर सही करता आली पाहिजे. ते येतं की नाही, हे लिहून देणं माझं काम होतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. शिक्षण मुंबईत केईएमला झालं. गेली नऊ वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला काम करते. आजोबांच्या परवानगीने हे लिहिते आहे, नाव मात्र देत नाही. समोर मी त्यांना 'सर' म्हणायचे, पण त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला मनातल्या मनात आजोबाच म्हटलं जातं. ते मला 'रुकी' म्हणायचे. बेसबॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या खेळाडूला रुकी म्हणतात.

२८ जूनला ते आमच्याकडे आले तेव्हा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. मी आमची नेहमीची साधनं काढली: नऊ खुंट्यांची पाटी, मऊ पुट्टी, रंगीत सुळके. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने पाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "आयुष्यभर मी गाड्यांची इंजिनं खोलून जोडली आहेत. हे माझ्यासमोर ठेवू नकोस." मला वाईट वाटलं, कारण त्यांचं बरोबर होतं. हात पुन्हा शिकतो तो त्याच्या ओळखीच्या कामातून, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि तरी समोर ठेवलं होतं ते प्लॅस्टिक.

त्याच आठवड्यात, संध्याकाळी निघताना मी त्यांच्या खोलीत डोकावले. रेडिओवर जायंट्सचे सामने ऐकवणारं केएनबीआर स्टेशन लागलेलं होतं आणि आजोबा डाव्या हाताने कागदी नॅपकिनवर वेडेवाकडे चौकोन काढत होते. काय करताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "स्कोअर लिहितोय. म्हणजे, लिहायचो."

मला एकदम बाबा आठवले. ते कांगा लीगमध्ये त्यांच्या ऑफिसच्या टीमचे स्कोअरर होते. पावसात, गळक्या तंबूत मांडीवर वही घेऊन बसायचे आणि आम्ही बहिणी त्यांच्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचो. एकदा त्यांच्याच टीमचा फलंदाज उघड उघड चुकीचा आऊट दिला गेला. मी रडकुंडीला आले होते. बाबांनी शांतपणे आऊट लिहिला आणि म्हणाले, "अंपायरने बोट वर केलं की वहीत आऊट. आपल्याला काय दिसलं त्याला वहीत रकाना नाही."

दुसऱ्या दिवशी मी बेसबॉलची कोरी स्कोअरशीट छापून आणली. एका पेन्सिलीवर फोमची जाड नळी चढवली. आजोबांना म्हटलं, "मला शिकवा."

बेसबॉलची स्कोअरशीट ज्याने पाहिली नसेल त्याला सांगते. प्रत्येक फलंदाजाची एक ओळ, प्रत्येक इनिंगचा एक रकाना, आणि प्रत्येक चौकोनात एक छोटा तिरका चौकोन, शंकरपाळ्यासारखा. हाच धावपट्टीचा नकाशा. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की शंकरपाळ्याची एक बाजू गिरवायची, दुसऱ्यावर गेला की दुसरी. चारही बाजू पूर्ण करून तो घरी आला की धाव झाली, आणि आतला भाग रंगवायचा. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात: पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६, राइट फिल्डर ९. '६-४-३' लिहिलं की चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला ते वाचता येतं. फटका हुकला किंवा मारण्याजोगा चेंडू सोडला की स्ट्राइक; फलंदाज तीन स्ट्राइकमध्ये बाद झाला की इंग्रजी 'के', आणि बॅट न हलवता बघत बाद झाला तर तोच 'के' उलटा, आरशात दिसतो तसा.

माझ्यासाठी ही खाणच होती. तिरक्या रेघा हाताला सगळ्यात अवघड जातात, आणि इथे चौकोन भरायचा तर तिरकीच रेघ लागते. जागा टिचभर. रंगवायचं तर बोटांच्या बारीक हालचाली हव्यात. आणि दोन चेंडूंच्या मध्ये वेळ मिळतो. २०२३ पासून पिच क्लॉक आलं आहे, पिचरला मोजक्या सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. तेव्हा ते नव्हतं. सामना तीन तास चालायचा आणि आजोबांच्या हाताला तेवढे तीन तास पुरायचे नाहीत, पण खेळ त्यांच्यासाठी थांबतोय असं वाटायचं.

जुलैभर चौकोनाच्या जागी नुसते ओरखडे होते. पेन्सिल पकडता यायची, सोडता यायची नाही. झटक्यानंतर बहुतेकांचं असंच होतं, मूठ आधी मिटायला लागते आणि उघडायला फार उशीर लागतो. प्रत्येक इनिंग संपली की मी त्यांची बोटं एकेक करून उलगडायचे. ऑगस्टच्या मध्यावर एका रात्रीच्या सामन्यात पेन्सिल त्यांनी स्वतः टेबलावर ठेवली. सकाळी मी कामावर आल्यावर नर्सने सांगितलं, कारण त्यांनी तिला बोलावून ती पुन्हा एकदा ठेवून दाखवली होती.

या सगळ्यात जायंट्स जिंकत होते. सीझन सुरू होण्याआधी जाणकारांनी त्यांना ७५ च्या आसपास विजय दिले होते. पाच टीम्सच्या त्या डिव्हिजनमध्ये डॉजर्स सलग आठ वर्षं पहिले आले होते. जायंट्सचे मुख्य खेळाडू बेसबॉलच्या हिशेबाने उतरणीला लागलेले: बस्टर पोझी आणि ब्रँडन क्रॉफर्ड चौतीस वर्षांचे, ब्रँडन बेल्ट तेहेतीस. दत्तक घेतलेल्या जुळ्या मुली अपुऱ्या दिवसांच्या होत्या, म्हणून पोझी २०२० मध्ये कोविडच्या काळात खेळलाच नव्हता. या टीमने मेच्या अखेरीस पहिली जागा घेतली ती जवळजवळ सोडलीच नाही, आणि डॉजर्सनी पाठ सोडली नाही. सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत जाणाऱ्यांत पहिलं नाव नक्की झालं तेही जायंट्सचं, १३ सप्टेंबरला. तरी डिव्हिजन हातात नव्हती. डिव्हिजन जिंकली नाही तर तेव्हाच्या नियमाने वाइल्ड कार्डचा, म्हणजे गटात पहिल्या न आलेल्यांचा, एकच सामना, तो हरला की सहा महिन्यांचं सगळं पाण्यात.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बेल्टच्या डाव्या अंगठ्यावर चेंडू बसला आणि हाड मोडलं. आजोबांनी ते ऐकून स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "याला किती आठवडे लागतील?" मी बेल्टबद्दल सांगायला लागले. ते गप्प ऐकत राहिले. त्यांनी कोणाबद्दल विचारलं होतं, ते मला घरी जाताना कळलं.

तर, रविवार. सकाळी मी हात गरम शेकाने सैल करायला घेतला, मनगटाखाली उशी, बोटं हळूहळू ताणत. आजोबा बोलत होते. १९५८ मध्ये जायंट्स न्यू यॉर्क सोडून इकडे आले तेव्हा ते वीस वर्षांचे होते. इथला पहिलाच सामना डॉजर्सशी झाला आणि जायंट्स ८-० जिंकले. मग म्हणाले, "आजची तारीख माहीत आहे ना?" आणि सांगू लागले. १९५१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये बॉबी थॉमसनने शेवटच्या इनिंगमध्ये होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून, डॉजर्सना हरवलं, ३ ऑक्टोबर. १९६२ मध्ये पुन्हा डॉजर्सशी बरोबरी, तीन जादा सामने, तिसऱ्यात नवव्या इनिंगमध्ये चार धावा, ३ ऑक्टोबर. १९८२ मध्ये शेवटच्या दिवशी जो मॉर्गनच्या होमरनने डॉजर्सचा सीझन संपवला, तोही ३ ऑक्टोबर. इथे ते थांबले.

"आणि १९९३," मी म्हटलं. त्यांनीच एकदा सांगितलं होतं. त्या वर्षी जायंट्सनी १०३ सामने जिंकले, अटलांटाने १०४. शेवटच्या दिवशी डॉजर्सकडून १२-१ असा मार खाऊन सगळं गेलं. ३ ऑक्टोबर.

"ते पान मी पुरं केलं होतं," आजोबा म्हणाले. "बारा धावा. बारा चौकोन रंगवले."

देशातले सगळे सामने त्या दिवशी एकाच वेळी सुरू होणार होते, आमच्याकडे १२ वाजून ५ मिनिटांनी. आजोबांची वेळ मी मुद्दाम दुपारी एकची ठेवली होती. पण एकच्या आधी आणि पावणेदोनच्या नंतर मला दुसरे पेशंट होते. सामन्याचा जेमतेम चौथा हिस्सा मी त्यांच्याजवळ होते. त्या वेळात मी एकदाही त्यांच्या हाताला हात लावला नाही. नुसती बसून मोजत होते: किती रेघा थरथरल्या, किती वेळा खांदा उचलला गेला, पेन्सिल किती वेळा स्वतःहून खाली ठेवली. मूठ सकाळपेक्षा बरीच सैल होती, पण रेघ अजून कापत होती. पिचर होता लोगन वेब, चोवीस वर्षांचा. तो फलंदाज बाद करत होता आणि आजोबा 'के' लिहीत होते. 'के'ची खालची तिरकी रेघ प्रत्येक वेळी ओळीबाहेर जात होती.

पावणेदोनला मी उठले. पुढच्या पेशंट एक बाई होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्यांना खुर्चीवरून उठून कमोडपर्यंत जायला शिकवत होते. त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत असताना कॉरिडॉरच्या टोकाकडून आजोबांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. बाई म्हणाल्या, "जा, बघून ये." मी त्यांना नीट बसवलं, मगच गेले.

वेबने होमरन मारला होता. पिचरने! पिचर टाकण्यासाठी असतो, त्याच्याकडून फलंदाजीची अपेक्षा नसते. स्कोअरशीटवर त्याची नवव्या क्रमांकाची ओळ बहुतेक 'के'नेच भरते. वेबच्या कारकिर्दीतला तो पहिलाच होमरन. आणि नॅशनल लीगमध्ये पिचर बॅट हातात घ्यायचे तो सीझनच शेवटचा ठरला. २०२२ पासून त्यांच्या जागी दुसरा फलंदाज खेळतो.

होमरन म्हणजे एकाच फटक्यात शंकरपाळ्याच्या चारही बाजू. आजोबांनी पहिली काढली होती, दुसरीही. तिसरी रेघ डावीकडे खाली उतरते, ती त्यांना कधीच सलग जमली नव्हती. माझ्यासमोर त्यांनी ती काढली. मग चौथी, सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळणारी. ती मिळाली. मग ते आतला भाग रंगवायला लागले, अगदी सावकाश, रेडिओवर पुढचा फलंदाज आला तरी. त्याचा पहिला चेंडू त्यांनी सोडून दिला. एरवी असं ते कधी करत नाहीत.

मी काहीच बोलले नाही. मास्कच्या आत माझं नाक वाहत होतं.

सामना जायंट्सनी ११-४ जिंकला. १०७ विजय, टीमच्या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त. आधीचा आकडा १०६ होता, १९०४ सालचा. डॉजर्सही १०-३ जिंकले आणि १०६ वर राहिले. म्हणजे जायंट्सचा त्या सहा महिन्यांतला कुठलाही एक विजय कमी पडता तरी डिव्हिजन त्या दिवशी हाती आली नसती. साडेतीनच्या सुमारास मी परत गेले तेव्हा आजोबा शेवटचा चौकोन भरून, पेन्सिल खाली ठेवून बसले होते. मूठ उघडी होती. पानावर जायंट्सच्या बाजूला अकरा शंकरपाळे रंगवलेले होते; मी मोजले. पहिले काही विस्कटलेले, शेवटचे जवळपास काठाच्या आत.

"आता तुझी पाटी आण," ते म्हणाले.

नऊ खुंट्यांची पाटी मी आणली. जूनमध्ये एकही खुंटी बसली नव्हती. त्या दिवशी नऊही बसल्या आणि निघाल्याही, ५८ सेकंदांत. त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या मानाने हे अजून दुप्पट होतं, आणि मी रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहिलं. पुढे लिहिलं की घरी जाऊ द्यावं, आठवड्यातून तीन दिवस मदतनीस असावी. मंगळवारी ते घरी गेले. फोमची नळी चढवलेली पेन्सिल बरोबर दिली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डॉजर्स वाइल्ड कार्डचा सामना जिंकून पुन्हा समोर आले. पाच सामन्यांची मालिका २-२ अशी अडली आणि १४ ऑक्टोबरला पाचव्या सामन्यात जायंट्स २-१ असे हरले. शेवटचा फलंदाज विल्मर फ्लोरेस. त्याने बॅट अर्ध्यावर रोखली होती असं मला टीव्हीवर दिसलं, अजूनही दिसतं. अंपायरने ती फिरवली असं ठरवलं. तिसरी स्ट्राइक, सीझन संपला. मी सोफ्यावर बसून राहिले होते. बॅट फिरली नसेल तर तो 'के' उलटा, किंवा चौकोन कोराच राहायला हवा, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं.

अकरा वाजता फोनवर फोटो आला. आजोबांची स्कोअरशीट, शेवटचा चौकोन जवळून काढलेला. त्यात 'के' होता, सरळ. खालची तिरकी रेघ ओळीच्या आत थांबली होती.