डिफिलॉसच्या मृण्मूर्तींसाठी लूव्रमध्ये एक सकाळ

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एक अख्खी सकाळ आम्ही ग्रीक मृण्मूर्तींसाठी राखून ठेवली होती आणि तिचे मुख्य कारण होते मिरिना येथील मूर्तिकार डिफिलॉस. मिरिना हे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन ग्रीक नगर. तेथील दफनभूमीचे उत्खनन फ्रेंच अभ्यासकांनी 1880 ते 1882 या काळात केले आणि थडग्यांतून निघालेल्या मूर्तींचा मोठा वाटा लूव्रमध्ये आला. बहुतेक ग्रीक मृण्मूर्तींचे कर्ते अनामिक आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास काम करणाऱ्या डिफिलॉसच्या कारखान्याने मात्र मूर्तींच्या पाठीवर त्याचे नाव कोरून ठेवले.

या मूर्ती आतून पोकळ असतात. धड, मस्तक, हात आणि पंख वेगवेगळ्या साच्यांतून काढून ओल्या मातीच्या खळीने सांधले जात, त्यामुळे एकाच धडावर निरनिराळी मस्तके बसवता येत. पेणच्या मूर्तिकारांना ही रीत नवी वाटणार नाही. भट्टीत वाफ कोंडून मूर्ती फुटू नये म्हणून पाठीला भोक ठेवत, भाजण्यापूर्वी पांढऱ्या मातीचा हात देत आणि रंग भाजल्यानंतर चढवत. तो भाजून पक्का झालेला नसल्यामुळेच बहुतेक मूर्तींवरून उडून गेला आहे. रंग मुळात कसा असे हे पाहायचे, तर याच संग्रहालयातील ‘निळी स्त्री’ ही ग्रीसमधील तानाग्रा नगराची मृण्मूर्ती चुकवू नये. डिफिलॉसच्या मूर्तींपेक्षा कितीतरी आधीची असूनही तिच्या वस्त्राचा निळा रंग आणि काठाचा सोनेरी मुलामा अजून डोळ्यांत भरतो.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि वेळ ठरवून तिकीट आधीच काढलेले बरे. इतर दिवशीही काही दालने आळीपाळीने बंद ठेवतात, म्हणून सुली विंगमधील ग्रीक मृण्मूर्तींची दालने त्या दिवशी उघडी आहेत का, हे संकेतस्थळावर पाहूनच वार ठरवावा. कपाटातील मूर्तीची पाठ सहसा दिसत नाही आणि कारागिराची सही, भोक, बोटांनी दाबलेली माती हे सारे तर तिथेच असते. यासाठी लूव्रच्या ऑनलाइन सूचीत डिफिलॉस आणि मिरिना ही नावे शोधून मूर्तींच्या नोंदी आधी वाचाव्यात आणि त्यांचे क्रमांक टिपून न्यावेत. छायाचित्रे घेता येतात, पण फ्लॅश चालत नाही.