तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन का घेत नाही?

घरी कुणीही आलं की हा प्रश्न ठरलेला. परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी चहाला आल्या होत्या, तेवढ्यात वॉशिंग मशीन स्पिनला लागलं आणि नेहमीसारखं धडधडत ड्राय बाल्कनीच्या दाराकडे सरकायला लागलं, तशी लेक हातातलं पुस्तक न मिटता उठली आणि जाऊन मशीनवर बसली. वहिनींचा कप हातातच राहिला. "अहो, नवीन का घेत नाही तुम्ही?"

सांगते. यंत्र सहसा एकदम मरत नाही हो. त्याचं काहीतरी बारीकसं बिनसलेलं असतं आणि तेवढं कळलं की ते पुन्हा दोन-चार वर्षं मुकाट्याने काम करतं. आता या मशीनचंच बघा, आमच्या ड्राय बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार आहे, पाय कितीही फिरवून लेव्हल केले तरी जाड चादर एका बाजूला गोळा झाली की ते सरकायला लागणारच. नवीन आणलं तर तेही याच उतारावर उभं राहणार ना!

मिक्सर २००४ चा, माझ्या लग्नातला. दिवाळीच्या भाजणीची, चटणी-मसाल्याची सगळी वाटणं त्याने केलीत. मागच्या वर्षी शेंगदाण्याचं कूट करताना एकदम बंद पडला, सगळे म्हणाले जळला. मी उलटा केला, खालचं लाल बटण बाहेर आलं होतं. मोटरवर फार लोड आला की ते आपणहून सप्लाय तोडतं, दहा मिनिटं गार होऊ द्यायचं आणि बटण दाबायचं, बस. आमच्या मिक्सरच्या पट्टीवर लिहिलंच आहे, ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद. मोटर नुसतीच फिरतेय आणि भांड्यातलं पातं हलत नाही, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा कपलर झिजला. आतून ठिणग्या दिसतायत आणि चालू-बंद होतोय, म्हणजे मोटरमधले कार्बन ब्रश झिजून संपत आले. प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळा असतो आणि आमच्या सासूबाईंना ते सगळे स्वयंपाकघरात न जाता ओळखता येतात, देवघरातूनच सांगतात, "कपलर गेला गं!" आणि गेलेलाच असतो.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. आपला देशी मिक्सर जन्मालाच आला एका बंद पडलेल्या मिक्सरमुळे. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा जर्मन मिक्सर जळाला, आपली वाटणं त्याला झेपण्यासारखी नव्हतीच, मग माथुरांनी दणकट मोटर घालून स्वतःच एक बनवला आणि १९६३ मध्ये त्यातून 'सुमीत' आला. बिघडलेल्या वस्तूपाशी बसून विचार करणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

तर मशीन. दोन वर्षांपूर्वी ते पाणीच बाहेर सोडेना. सर्व्हिसवाला आला, झाकणही न उघडता म्हणाला पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड गेलाय, साडेसहा हजार. मला ते पटेना, कारण दिवे लागत होते, ड्रम फिरत होता, फक्त पाणी बाहेर जात नव्हतं. गल्लीतल्या मेकॅनिक दादांना बोलावलं तर त्यांनी खालचं छोटं दार उघडून फिल्टर फिरवून काढला आणि आतून निघाली दोन रुपयांची दोन नाणी, एक हेअरपिन आणि मोजा. हरवलेला मोजा सापडला! लेकीने आनंदाने धुऊन वाळत घातला. दादांनी शंभर रुपये घेतले आणि मला मागच्या पाइपमधली जाळीही दाखवली. आम्ही पुण्याच्या वाघोलीत राहतो, बोअर आणि टँकरचं पाणी, त्यातली बारीक रेती त्या जाळीत अडकते आणि मग पाणी भरायलाच तास लागतो. आता दर महिन्याला नळ बंद करून, प्लग काढून, जुन्या टूथब्रशने मीच घासते. गिझरच्या कॉइलवर क्षाराचा थर बसतो तोही याच पाण्यामुळे. थर जाड झाला की पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं आणि आपण शिव्या गिझरला देतो.

सगळंच घरी करायचं असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. मायक्रोवेव्हला मी कधीच हात लावत नाही, त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज साठून राहू शकतो. आणि ज्याला हात लावल्यावर झिणझिणी येते ते यंत्र त्याच क्षणी बंद, मग ते कितीही लाडकं असो. मागचा गिझर मी असाच काढून टाकला, एक दिवसही थांबले नाही.

बाकीच्यांना मात्र खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडू असतो. सासूबाई मिक्सरला वाहतात, मशीनला वाहतात, माझ्या स्क्रू ड्रायव्हरलाही वाहतात.

आणि वहिनी, त्या दिवशी जाता जाता तुम्ही म्हणालात ना, हॉलमधला पंखा पाचवर ठेवला तरी रेंगाळतो, नवीनच घेतो आता म्हणून. थांबा जरा. कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, गेला असेल त्याचा, बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, तरी इलेक्ट्रिशियनला जुना काढून त्यावरचा आकडा बघायला सांगा आणि तेवढ्याचाच बसवा. स्टूल आमच्याकडचं न्या, तुमचं डुगडुगतं.