चिनी पोरांना इंग्रजी येतं का?

चीनमध्ये राहून आलेय म्हटलं की लग्नकार्यात हमखास कुणीतरी विचारतं, "तिकडच्या पोरांना इंग्रजी येतं का हो?" मी उत्तर द्यायच्या आत पुढचा प्रश्न तयार असतो, "नाही ना? मग परीक्षा कशी पास होतात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

येतं. वाचायला तर उत्तम येतं. नानजिंगच्या एका विद्यापीठात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी इंग्रजी शोधनिबंध माझ्याहून भरभर वाचायची, आलेखातली गफलत बोट ठेवून दाखवायची. आणि "जेवायला येतेस का?" एवढं विचारायला मोबाइलवर टाइप करून पडदा माझ्यापुढे धरायची.

याचं कारण बरंचसं तिथल्या 'कॉलेज इंग्लिश टेस्ट' या परीक्षेत आहे. पदवीच्या मुलांसाठी देशभर एकच इंग्रजी परीक्षा, जून आणि डिसेंबरमध्ये. तिच्या दोन श्रेण्या आहेत, चौथी आणि सहावी (आपल्या इयत्तांशी काही संबंध नाही). चौथी 1987 साली सुरू झाली, सहावी 1989 साली. इंग्रजी विषय घेऊन पदवी करणाऱ्यांची परीक्षा वेगळी. ही भावी इंजिनियर, डॉक्टर, हिशेबनीस यांची. ऐंशीच्या दशकात देशाची दारं नुकती उघडली होती, बाहेरचं विज्ञान वाचून काढायची घाई होती. म्हणून अभ्यासक्रमात वाचनाला पहिला मान मिळाला. मला यात काही गैर वाटत नाही.

आज एकूण गुण 710. निबंधाला 15 टक्के, ऐकण्याला 35, वाचनाला 35, भाषांतराला 15. बोलण्याला? शून्य. तोंडी परीक्षा 1999 पासून आहे, पण ती वेगळी आणि ऐच्छिक. ज्याला मार्क नाहीत त्याचा अभ्यास कोण करतो? आपण केला होता?

2005 च्या बदलांनंतर पास-नापास हा प्रकार कागदावर उरला नाही, फक्त गुणपत्रक मिळतं. पण सहावीला बसायला चौथीत 425 लागतात, त्यामुळे पोरांच्या लेखी 425 म्हणजे पास, 424 म्हणजे बोंब.

ऐकण्याच्या भागाचा आवाज बऱ्याच ठिकाणी एफएमवर सोडतात, म्हणून रेडिओचा हेडफोन लागतो. परीक्षा जवळ आली की कॅम्पसमधल्या दुकानाबाहेर त्यांचा ढीग लागायचा. चाचणी प्रक्षेपणाच्या दिवशी पोरं जिन्यात, खिडकीशी, माना वाकड्या करून उभी. खरखर कुठे कमी येते, त्याचा शोध. सेल संपला तर 35 टक्के गेले!

मला सगळ्यात आवडतो तो भाषांतराचा भाग. डिसेंबर 2013 पासून चिनी परिच्छेद देतात, त्याचं इंग्रजी करायचं. त्या पहिल्याच खेपेला चौथीला चहा आणि दोऱ्याच्या शोभेच्या चिनी गाठी, सहावीला रेशीम मार्ग आणि मध्य-शरद सण असे विषय आले होते. म्हणजे सगळं घरचंच. आमच्याकडे प्रकल्पाला येणारा एक मुलगा जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसायचा. पॉलिमरवरचं वाक्य विचारलं तर धडाधड लिहील, पण सणाला चंद्र बघत घरची माणसं एकत्र बसतात, हे लिहिताना पेन चावत बसे. शोधनिबंधात आजी कुठे भेटते! आपल्याकडच्या इंजिनियरिंगच्या पोरांना हरतालिकेवर दहा ओळी इंग्रजीत लिहायला सांगा, बघू.

या परीक्षेचा धाक मोठा असे, कारण अनेक विद्यापीठांनी पदवी चौथीच्या गुणांशी बांधली होती. तशी शिक्षण मंत्रालयाची सक्ती नव्हती, विद्यापीठांनीच ओढवून घेतलेलं. सप्टेंबर 2023 मध्ये शीआन जिआओतोंग विद्यापीठाने ही गाठ सोडली, तेव्हा चीनने इंग्रजी सोडलं अशी हाकाटी झाली. तसं काही नव्हतं. परीक्षा चालूच आहे आणि नोकरीच्या जाहिरातींत 'सहावी श्रेणी' अजून मागतात.

तेव्हा तुमच्या चाकणच्या कारखान्यात मशीन बसवायला चिनी इंजिनियर येणार असेल, तर त्याला फोनवर गाठायच्या फंदात पडू नका. काय हवंय ते चार स्वच्छ ओळींत लिहून पाठवा, सोबत आकृती जोडा. तो सगळं वाचेल आणि तुमच्या आकृतीतली चूकही कळवेल.