व्हिम इंग्रजीत बोलतं, मी मराठीत

परवा ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलीने मला चॅटवर फोटो पाठवला, लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तोही मोबाईलने काढलेला. काळी स्क्रीन, डावीकडे वरून खालपर्यंत टिल्डांची (~) रांग, मधोमध लिहिलंय की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, आणि खाली तिचा प्रश्न, "ताई, माझं मशीन हॅक झालंय का?"

मी पोट धरून हसले. बिचारीने टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, नुसतं व्हिम टाइप करून एंटर मारला होता आणि व्हिम नावाचा एडिटर, म्हणजे फाइलमधला मजकूर लिहायचा-बदलायचा प्रोग्राम, उघडला होता. ब्रॅम मूलेनार नावाच्या डच माणसाने १९९१ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर व्हिमची पहिली आवृत्ती काढली, एडिटर सगळ्यांना फुकट दिला आणि म्हणाला आवडलं तर युगांडातल्या मुलांसाठी काहीतरी द्या, तो माणूस २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेला पण त्याचा तो निरोप अजून पहिल्याच स्क्रीनवर दिसतो. आणि गंमत म्हणजे त्याच स्क्रीनवर, त्या ओळीच्या खालीच, बाहेर पडायला कोलन क्यू एंटर दाबा असंही लिहिलेलं असतं. ते कोणीच वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

माझी वेळ आली होती २०११ मध्ये, पुण्यात पहिल्या नोकरीत, रात्रपाळीला. एका क्लायंटच्या सर्व्हरवर एक कॉन्फिग फाइल होती, त्यात टाइमआउटची किंमत ३० ची ६० करायची, बस, एवढंच काम. टीम लीड घरी जाता जाता म्हणाला व्हीआयने (हा व्हिमचा पूर्वज, पण त्या सर्व्हरवर ते टाइप केलं की व्हिमच उघडायचं) उघड आणि बदल, काय त्यात. मी पुटी (दूरच्या सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्राम) उघडली, फाइल उघडली, बाणाच्या बटणांनी त्या ओळीवर गेले आणि म्हटलं जुनी ओळ नंतर बघू, आधी नवीन लिहून घेऊ. इंग्रजीत टाइमआउट बरोबर ६० असं टाइप केलं. स्क्रीनवर काय आलं? खाली एक नवीन ओळ उघडली आणि तिच्यात फक्त यू, टी, बरोबरचं चिन्ह आणि ६०. पहिली पाच अक्षरं गायब! मला वाटलं कीबोर्ड बिघडला. पुन्हा टाइप केलं तर या वेळी सगळी अक्षरं आली, म्हणजे आता त्या नव्या ओळीत अर्धवट एक आणि अख्खं एक असं दोन्ही. मग घाबरून मी तेच केलं जे वर्ड वापरणारा कुठलाही माणूस करेल, कंट्रोल एस दाबलं. आणि स्क्रीन मेली. काहीही दाबा, ढिम्म. पाच मिनिटं थांबले, रडकुंडीला आले, शेवटी खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून पुटीच बंद केली आणि चहा प्यायला गेले.

सकाळी लीडने तीच फाइल उघडली तर व्हिमने त्याला लांबलचक ताकीद दिली की बाबा इथे स्वॅप फाइल (सेव्ह न केलेल्या बदलांची तात्पुरती नोंद) सापडलीय, कोणीतरी अर्ध्यात सोडून गेलंय. तो माझ्या डेस्कशी येऊन एवढंच म्हणाला, "अगं, पळून गेलीस तरी पावलांचे ठसे राहतात." मूळ फाइलला काही झालं नव्हतं कारण सेव्हच झाली नव्हती. फक्त माझी इज्जत गेली.

त्या रात्री नक्की काय झालं हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं. व्हिम उघडतं तेव्हा तुम्ही लिहायच्या मोडमध्ये नसता, हुकूम द्यायच्या मोडमध्ये असता, त्याला नॉर्मल मोड म्हणतात (नॉर्मल कोणासाठी ते विचारू नका). तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा. मी टी आणि आय दाबलं, म्हणजे 'याच ओळीत पुढच्या आय अक्षराच्या अलीकडे जा'. मग एम आणि ई, म्हणजे 'इथे ई नावाची खूण करून ठेव'. मग ओ, म्हणजे 'खाली नवीन ओळ उघड आणि लिहायला घे'. आता कुठे लिहायचा मोड सुरू झाला, म्हणून पुढचे यू टी आणि ६० तेवढे कागदावर उमटले. म्हणजे त्याने माझं एकही अक्षर टाकून दिलं नव्हतं, पाचही अक्षरं हुकूम म्हणून इमानदारीत पाळली होती. आणि कंट्रोल एस? त्याचा व्हिमशी संबंधच नव्हता. टर्मिनलच्या जुन्या जमान्यापासून कंट्रोल एस म्हणजे 'समोरच्या, जरा थांब, मला एवढ्या वेगाने झेपत नाहीये' आणि कंट्रोल क्यू म्हणजे 'हं, आता बोल'. मी थांब म्हणाले, तो थांबला. एक कंट्रोल क्यू दाबलं असतं तर सगळं परत हललं असतं. माझे पाच मिनिटांचे अश्रू फुकट गेले म्हणजे.

त्यानंतर मी सगळ्यांसारखंच केलं, चीटशीट प्रिंट काढून मॉनिटरशेजारी चिकटवली आणि पाढे पाठ करावे तशा कमांड पाठ करायला लागले. डी डब्ल्यू म्हणजे शब्द उडतो, डी डी म्हणजे ओळ उडते, वाय वाय म्हणजे ओळ कॉपी, पी म्हणजे पेस्ट. दोन वर्षं त्या वीसएक कमांडवर काढली आणि विसावी आठवली की सातवी विसरायची. हे पाठांतर करायची गोष्टच नाहीये हे मला कोणी सांगितलं नाही, आणि ज्या दिवशी माझं मला उमगलं त्या दिवशी स्वतःवरच चिडले होते, कारण शाळेत व्याकरणात मी वर्गात पहिली होते.

ते व्याकरण आहे हो सगळं. डी हे क्रियापद, काढून टाक. सी हे क्रियापद, काढून टाक आणि तिथे लिहायला घे. वाय म्हणजे उचलून ठेव. त्याच्यापुढे नाम लावायचं, डब्ल्यू म्हणजे शब्द, आय डब्ल्यू म्हणजे कर्सर ज्याच्या पोटात आहे तो अख्खा शब्द, ए पी म्हणजे परिच्छेद, आय आणि अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणाच्या आतला मजकूर. आता जोडत बसा. सी, आय, अवतरणचिन्ह, म्हणजे अवतरणातलं बदल. डी ए पी, परिच्छेद काढ. वाय ए पी, परिच्छेद उचल. एक नवीन क्रियापद शिकलात की जेवढी नामं माहीत आहेत तेवढी नवीन वाक्यं फुकट. मध्ये आकडा घाला, डी ३ डब्ल्यू, तीन शब्द काढ. आणि क्रियापदच दोनदा म्हटलं तर अख्खी ओळ, हे तर फार आपलं आहे, पाहुण्याला वाढताना आपण 'घे घे' म्हणतो तेव्हा कर्म काय ते सांगायला लागत नाही, तसंच 'काढ काढ' म्हटलं की त्याला कळतं की ही समोरची ओळ.

पण एवढं कळूनही माझी बोटं अडखळायचीच. का ते एकदा भाजी निवडताना लक्षात आलं. मी आईला सांगत होते, "तो शब्द काढ" नाही, "ते देठ काढ", पण मुद्दा तोच. आपण आधी वस्तू सांगतो, मग काय करायचं ते. व्हिम म्हणतं 'काढ, शब्द'. क्रियापद आधी. ही इंग्रजीची वाक्यरचना आहे, डिलीट वर्ड, आणि माझं डोकं मराठीत चालतं, मला आधी शब्दावर बोट ठेवायचं असतं आणि मग ठरवायचं असतं की याचं करायचं काय.

तर त्यालाही व्हिममध्ये सोय आहे. व्ही दाबलं की व्हिज्युअल मोड, मग आय डब्ल्यू, शब्द उजळून दिसतो, आणि मग डी. 'हा शब्द, काढ.' कर्म आधी, क्रियापद शेवटी, शुद्ध मराठी! एक बटण जास्त दाबायला लागतं हे खरं पण काय निवडलंय ते डोळ्यांना दिसतं. मी वर्षभर असंच केलं आणि मित्रमंडळींत शायनिंगही मारली की बघा मी मराठी व्हिम चालवते.

मग एकदा तोंडावर आपटले. फाइलमध्ये बऱ्याच ठिकाणी शहरांची नावं इंग्रजीत होती, पुणे, नाशिक वगैरे, सगळ्यांच्या जागी मुंबई करायचं होतं. पुण्यावर गेले, व्ही, आय डब्ल्यू, सी, मुंबई लिहिलं, एस्केप (म्हणजे लिहायच्या मोडमधून परत नॉर्मल मोडमध्ये). मग नाशिकवर जाऊन नुसतं टिंब दाबलं, कारण टिंब म्हणजे 'मघाशी केलंस तेच परत कर', व्हिममधली सगळ्यात लाडकी कमांड. तर मुंबईच्या शेपटीला आय आणि के अशी दोन अक्षरं लटकलेली! झालं असं की व्हिज्युअल मोडमधून केलेलं काम टिंबाला 'शब्द बदल' असं आठवत नाही, त्याला फक्त आकार आठवतो, चार अक्षरं बदल. इंग्रजीत पुणे चार अक्षरी, नाशिक सहा अक्षरी, दोन उरली. हेच जर सी आय डब्ल्यू करून केलं असतं, क्रियापद आधी, तर टिंबाने अख्खं वाक्य लक्षात ठेवलं असतं आणि शब्द दोन अक्षरी असो की बारा, बरोबर बदलला असता.

त्यामुळे आता माझं धोरण असं की एकदाच करायचं काम असेल तर मराठीत आणि पुन्हा पुन्हा करायचं असेल तर इंग्रजीत. हेलिक्स नावाचा एक नवा एडिटर आहे, त्याच्याआधीचा काकून, दोघांनीही हे उलटं केलंय, आधी निवड मग क्रिया, हेलिक्समध्ये डब्ल्यू दाबलं की शब्द निवडला जातो मग डी. मी पंधरा दिवस वापरला, अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. पण मी ज्या सर्व्हरवर जाते तिथे तो नसतो, व्हीआय मात्र कुठेही सापडतं. सासरीच राहायचं तर सासरची भाषा शिकून घेतलेली बरी.

या छोट्या छोट्या कमांडचं खरं मोल मला कळलं ते गावी, राजापूरजवळ. पावसाळ्यात पडवीच्या एका खांबाशी बसलं तरच नेटवर्कची एक कांडी येते आणि सर्व्हरवर टाइप केलेलं अक्षर दोन दोन सेकंदांनी उमटतं. अशा वेळी माउस, मेनू, स्क्रोल, सगळं विसरा. मी शंभराव्या ओळीवर जायला १०० आणि कॅपिटल जी दाबते, सी आय डब्ल्यू, नवा शब्द, एस्केप, कोलन डब्ल्यू (म्हणजे सेव्ह), आणि हात जोडून थांबते, मग एकेक करून सगळं स्क्रीनवर येतं. आणि तेव्हा लक्षात आलं की हे जन्मालाच असं आलंय. बिल जॉयने १९७६ च्या सुमारास बर्कलीला व्हीआय लिहिला तेव्हा तो ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. ८० गुणिले २४ ची स्क्रीन म्हणजे १९२० अक्षरं, म्हणजे एक स्क्रीन पूर्ण रंगवायला मिनिटाहून जास्त! तिथे कमांड एकेका अक्षराच्या नसतील तर काय असतील. त्याच्याकडे एडीएम ३ए नावाचं टर्मिनल होतं, त्यावर बाणांची वेगळी बटणं नव्हतीच, बाण एच जे के एल या बटणांवरच छापलेले होते, म्हणून आजही व्हिममध्ये डावी-खाली-वर-उजवी ही चार अक्षरं चालतात. आणि एस्केपचं बटण आज टॅब असतं त्या जागी होतं, करंगळीच्या शेजारी. आपण मात्र दर दोन मिनिटांनी करंगळी पार कोपऱ्यात पाठवतो आणि म्हणतो व्हिमने हात दुखतात.

आता शेवटचं रडगाणं, जे इंग्रजीवाल्यांना कधी कळणार नाही. मी माझ्या रोजच्या नोंदी मराठीत लिहिते, इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीच्या कीबोर्डवर, व्हिममध्येच. लिहून झालं, एस्केप दाबलं, आणि कीबोर्ड मराठीतच राहिला तर? एच जे के एल दाबायला गेलं की व्हिमला ऐकू येतं प, र, क, त. त्याला परकत काय कळणार. डी डी दाबलं की जातात दोन हलन्त. त्यातल्या त्यात बरं म्हणजे नॉर्मल मोडमध्ये तो नुसता कुरकुरतो, काही बिघडवत नाही. यावर उपाय आहे, व्हिममध्ये कीमॅप नावाची सोय आहे, एक साधी फाइल, डाव्या रकान्यात इंग्रजी बटण, उजव्यात देवनागरी अक्षर, ती लावली की फक्त लिहायच्या मोडमध्ये मराठी उमटतं आणि कमांड इंग्रजीच राहतात, कंट्रोल ६ दाबलं की चालू-बंद. मी एका रविवारी बसून माझी फाइल तयार केली. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं अजूनही मोडकी दिसतात ते दुखणं वेगळं, पण निदान कीबोर्ड सारखा बदलायला लागत नाही.

मात्र त्या रविवारच्या आधीची जी दोन-तीन वर्षं होती, त्यात एस्केप दाबायचंच विसरून, मराठी कीबोर्डवर, लिहायच्या मोडमध्येच मी कितीदा तरी कोलन डब्ल्यू क्यू, म्हणजे सेव्ह करून बाहेर पड, असं मारलंय. इनस्क्रिप्टवर कोलनच्या जागी छ आहे, डब्ल्यूवर ऐ ची मात्रा आणि क्यूवर औ ची. काल जुन्या नोंदींत शोध मारला तर दुधाच्या हिशेबाखाली एक, आजीच्या मोदकाच्या सारणाच्या प्रमाणाखाली एक आणि घरमालकाशी झालेल्या भांडणाच्या सविस्तर वर्णनाखाली एक, असे एकूण तीन 'छैौ' सापडले. मोदकाखालचा राहू दिलाय.