चौथा नंबर, सरासरी आणि कांद्याची पट्टी

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या दोन पार्ट्या पडल्यात. एक रोज टाकते की भारत जपानला मागे टाकून चौथ्या नंबरची अर्थव्यवस्था झाला, दुसरी लगेच विचारते की मग ८० कोटी लोकांना फुकट रेशन कशाला द्यावं लागतं. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही तेच, टीव्हीवरही तेच. मला याचा खरंच त्रास होतो, कारण दोन्ही आकडे भलत्याच गोष्टीसाठी वापरले जातायत आणि माणूस जगतो कसा हा मूळ मुद्दा बाजूलाच पडतो.

चौथ्या नंबरचं बघा. मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या सीईओंनी ते जाहीर केलं. तो नंबर देशाच्या एकूण उत्पन्नाचा आहे. आपण १४० कोटींच्या वर आणि जपान साडेबारा कोटींच्या आत, त्यामुळे माणशी भागाकार केला की जपानी माणसाचं उत्पन्न आपल्या दहापटीहून जास्त निघतं. पण रेशनवाला मुद्दाही तसाच लंगडा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य द्यायचं ठरलं आणि लोकसंख्या धरली २०११ ची, त्यातून तो ८० कोटींचा आकडा आला. ते कायद्याने ठरवलेलं कव्हरेज आहे, गरिबांची मोजणी नाही.

आता सरासरी. दरडोई उत्पन्न वर्षाला साधारण दोन लाख रुपये आहे असं सरकारी आकडे सांगतात. म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला ६५-७० हजार यायला हवेत, आणि हे देशाचं झालं, महाराष्ट्राचं तर याहून जास्त आहे. आता आमच्या नाशिकच्या सिडकोत, सातपूरला, अंबडच्या कारखान्यांच्या आजूबाजूला कुठल्याही गल्लीत जा आणि विचारा किती घरांत एवढे येतात. आमच्या शेजारचा मुलगा आयटीआय करून अंबडला ठेकेदाराकडून लागलाय, बारा तासांची शिफ्ट आणि ओव्हरटाइम धरूनही त्याच्या हातात या ६५-७० हजारांच्या निम्मेसुद्धा पडत नाहीत, घरात कमावणारा तो एकटा, वर आईच्या औषधांचा खर्च. याचा अर्थ सरकारचा आकडा खोटा आहे असा नाही. त्यात कंपन्यांचा नफा येतो, भाडं-व्याज येतं, सरकारचंही उत्पन्न येतं, आणि मोठ्या कमाईची थोडी माणसं सगळी सरासरी वर ओढतात.

घर कसं चालतं हे बघायचं तर सरकार घरोघरी करतं ती खर्चाची पाहणी बघावी. २०२३-२४ च्या पाहणीत माणशी महिन्याचा सरासरी खर्च गावात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये आला. हा आकडा मला ओळखीचा वाटतो, यात आपली घरं दिसतात. आणि यातच चांगली बातमीही आहे, ती लपवू नये. २०११-१२ ला गावातलं घर १०० रुपयांतले जवळपास ५३ खाण्यावर घालत होतं, २०२२-२३ ला ते ४६ च्या आसपास आलं. खाण्यातून पैसा सुटला म्हणजे तो गॅस, मोबाइल, मोटरसायकल, मुलांच्या क्लासकडे गेला, आणि निफाड-सिन्नरकडच्या गावांत हे डोळ्याने दिसतं. ज्यांना काहीच बदललं नाही म्हणायचंय त्यांनी एकदा फिरून यावं.

पण मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही पाहणी २०११-१२ नंतर २०१७-१८ ला झाली होती, सरकारने डेटाचा दर्जा बरोबर नाही असं सांगून ती जाहीरच केली नाही. पुढचे आकडे आले थेट फेब्रुवारी २०२४ ला. मधे नोटबंदी झाली, जीएसटी आला, कोरोना आला, आणि या सगळ्यात घरांचं काय झालं याची नोंदच लोकांसमोर नाही. दर्जा खराब असेल तर तसं लिहून छापा ना, अभ्यासक बघून घेतील. जनगणनेचं तसंच, २०२१ ची आता २०२७ वर गेलीय. २०११ ला नाशिक महानगरपालिका हद्दीत १४ लाख ८६ हजार लोक होते, त्यानंतर पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ कुठवर पसरलं ते आपण बघतोय, आणि अजून हिशेब जुन्याच आकड्यांवर.

दीडशे वर्षांपूर्वी दादाभाई नौरोजींनी इंग्रजांशी हेच भांडण केलं होतं. त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवला तुरुंगातल्या कैद्याला जगवायचा सरकारी खर्च, जो त्याहून जास्त होता. आकड्याशेजारी जगणं ठेवलं की वाद कसा जागेवर येतो बघा.

आणि नाशिककर म्हणून कांद्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. महागाईचा दर काढताना २०२५ पर्यंत वस्तूंची जी टोपली धरत होते तिच्यात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास ४६ टक्के, त्यामुळे कांदा-टोमॅटो भडकले की दिल्लीत धावपळ सुरू होते. ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ८ डिसेंबरला सरळ बंदी. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा सीझन, हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. भाव धाडकन आपटला, लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. माझ्या निफाडच्या मावसभावाने तेव्हाची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळते ती हिशेबाची पावती, मला दाखवली होती, वरती वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई वजा, आणि त्यातून ट्रॅक्टरचं भाडं जाऊन उरलं ते काढणीच्या मजुरीलाही पुरत नव्हतं. त्याच आठवड्यात शहरात कांदा स्वस्त झाला म्हणून आमच्याच घरात सगळे खूश.

म्हणजे माझं राहणीमान त्या आठवड्यात सुधारलं ते मावसभावाच्या खिशातून. महागाईच्या आकड्यात माझी बचत दिसली, त्याचा तोटा त्यात कुठेच आला नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, २० मेला इथे मतदान झालं आणि तेव्हा केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार दिंडोरीतून पडल्या. एकट्या कांद्यानेच पडल्या असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण त्या भागात प्रचारात दुसरं काय चालू होतं ते तिथल्या कुणालाही विचारा.

शहरातल्या गरिबाला कांदा परवडायला हवा हे मला शंभर टक्के मान्य आहे, शेजारच्या त्या मुलाच्या आईला भाजीत कांदा हवाच. पण त्याचे पैसे सरकारने तिजोरीतून द्यावेत, बाजारभावाने खरेदी करावी आणि स्वस्तात विकावा, तोटा बजेटमध्ये दाखवावा, म्हणजे तो सगळ्या देशाने मिळून भरला हे तरी दिसेल. आता येवला-चांदवडचा शेतकरी तो एकटा भरतो आणि कुठल्याच हिशेबात त्याचं नाव येत नाही. पुढच्या वेळी सभेत कुणी चौथ्या नंबरबद्दल बोलायला लागला तर मी त्याला एवढंच विचारणार आहे, की पुढची निर्यातबंदी लावायची वेळ आली तर शेतकऱ्याला पडलेल्या भावाचा फरक कोण देणार, आणि किती दिवसांत.