कंपायलरला पटत नाहीये

"प्रोग्रॅम बरोबर आहे रे, फक्त कंपायलरला पटत नाहीये!" रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला लॉग-रीडर (नोंदींच्या फायली वाचणारा प्रोग्रॅम) दाखवता दाखवता मित्र आज वैतागून म्हणाला.

कोड बघितला. व्हेक्टरच्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या यादीच्या, पहिल्या घटकाचा रेफरन्स (मेमरीतला पत्ता) घेतलेला, पुढच्याच ओळीत त्या व्हेक्टरमध्ये पुश, म्हणजे नव्या घटकाची भर, आणि मग तो जुना रेफरन्स प्रिंट. कंपायलर म्हणजे कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम; त्यातला रेफरन्सवर पहारा ठेवणारा बॉरो चेकर अडवणारच! जागा भरली की व्हेक्टर सगळं बिऱ्हाड उचलून मेमरीत दुसरीकडे जाऊ शकतो, रेफरन्स मात्र जुन्याच पत्त्यावर. सी प्लस प्लसमध्ये हेच मुकाट कंपाइल होतं आणि पुढे कधीतरी क्रॅश होऊ शकतं, तेही भलतीकडेच.

तरी त्याचा राग अगदीच खोटा नाही. रस्टच्या २०१८ च्या आवृत्तीपासून चेकर बराच समंजस झालाय, पण एकाच व्हेक्टरमधले दोन वेगळे घटक एकदम बदलायला घेतले तर अजून हटून बसतो. तिथे चूक काहीच नसते. मग व्हेक्टरचे दोन वेगळे तुकडे करून देणाऱ्या 'स्प्लिट ॲट म्यूट'ची आडवाट धरा.

मित्राने सरळ क्लोन ठोकला, म्हणजे रेफरन्सऐवजी घटकाची वेगळी प्रतच काढली, वर 'नंतर बघू' अशी कॉमेंट टाकली आणि प्रोजेक्ट सगळ्यांना पाठवून मोकळा झाला.

तुमच्या कोडमध्ये असे 'नंतर बघू'वाले क्लोन किती आहेत?