हाराकेके: साध्या विणीकडून ट्विलकडे

हाराकेके म्हणजे न्यूझीलंडमधलं लांब पात्यांचं झाड. त्याच्या एकाआड एक विणीच्या टोपल्या आता पुरे. सध्या ट्विल चालू आहे: दोन पट्ट्या वर, दोन खाली, दर ओळीला एक घर पुढे. हे वेड लावलं ते ‘ते रा’नं.

ते रा म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींचं, हाराकेकेच्या पात्यांचं विणलेलं शीड, दोनशे वर्षांहून जुनं. असं जुनं शीड जगात एवढंच उरलंय आणि ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं. रानुई ङारिमू आणि ‘ते रा रिंगा राउपा’ गटातल्या विणकरांनी त्याची वीण बारकाईनं अभ्यासली आणि तसंच नवं शीड विणलं. २०२३ मध्ये मूळ शीड न्यूझीलंडला आलं, पण उसनं. ज्यांच्या पणज्यांच्या हातची ही वीण, त्यांना ती पाहायला समुद्र ओलांडावा लागतो, हे मला पटत नाही. ते कायमचं घरी यायला हवं.

इथे ऑकलंडला ते पाहिलं तेव्हा नजर अडकली नागमोडी फटींच्या पट्ट्यांवर. घट्ट वीण मध्येच उघडते आणि पुन्हा मिटते. पट्टी नेमकी कुठे वळते हे फोटोवरून कळणं अवघडच.

माझा नमुना लहान आहे, पट्ट्या ५ मिलिमीटरच्या. पाती मात्र शिकवलं तशीच काढते: आधी कराकिया म्हणजे प्रार्थना, मग फक्त बाहेरची पाती. मधला कोंब म्हणजे बाळ, त्याला बिलगलेली दोन पाती आई-वडील. त्यांना सुरी लावायची नाही. काप तिरका, बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पावसाचं पाणी गाभ्यात न जाता निथळतं. उरलेला चोथा त्याच झाडाच्या बुंध्याशी. पट्ट्या सुरीच्या बोथट बाजूवरून ओढल्या की ओल निघते आणि वाळल्यावर त्या कमी वळतात. ट्विलला हे फार जपावं लागतं. पट्टी ओली राहिली तर नंतर आकसते आणि नको तिथे फटी पडतात.

घट्ट भाग आता एकसारखा येतोय, कोपरेही बसतात. नागमोडी जाळीची पहिली रांग उघडली आहे, ती मिटवायची बाकी आहे. त्यानंतर ‘हिकी’, म्हणजे चटईच्या एका पट्ट्याची टोकं पुढच्यात विणून घेणारा सांधा. ट्विलमध्ये हिकी कुणी केली असेल तर टोकं किती लांब सोडलीत ते सांगा, त्या हिशेबानंच पुढची पाती कापेन.